बंद भट्टीतला झोत: मोठ्या बर्नरने दोन टोकांमधला फरक का मिटणार नाही

आपला प्रश्न मला समजला तो असा. चाकणच्या आपल्या फोर्जिंग शॉपमधली बॉक्स भट्टी आतून ३ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि १ मीटर उंच आहे. आखूड भिंतीत एकच बर्नर आहे, त्याचा अक्ष तळापासून ३५० मिलिमीटर उंचीवर आहे आणि फ्लू (जळालेला वायू बाहेर जाण्याची वाट) समोरच्या टोकाला छतात आहे. फर्नेस ऑइलवर असताना दोन टोकांच्या थर्मोकपलमध्ये (तापमान मोजणाऱ्या तारांमध्ये) जेमतेम ३० अंश सेल्सिअसचा फरक दिसत असे. पाइपने येणारा नैसर्गिक वायू घेतल्यापासून समोरचे टोक १,२२० अंशांवर, तर बर्नरकडचे टोक १,१३० अंशांवर राहते. आपण वायूचा आणि हवेचा दाब एकत्र वाढवून पाहिला, वायूचा वापर ताशी ६० घनमीटरवर गेला, पण फरक हटला नाही. पुरवठादार आता मोठा बर्नर सुचवत आहे आणि तो घ्यावा का, असे आपण विचारता.

माझे उत्तर ‘घेऊ नये’ असे आहे. त्यामागचे कारण मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण ते एकदा लक्षात आले की पुढचे निर्णय आपले आपल्यालाच घेता येतील. भट्टीचे काम करणारे आपण सगळेच आधी ज्योतीकडे पाहतो: ती किती लांब आहे, कोणत्या रंगाची आहे, कुठे पोहोचते. आपल्या अडचणीचे मूळ मला ज्योतीच्या लांबीत दिसत नाही. समोरच्या भिंतीपर्यंत गेलेला वायू बर्नरकडे परत कसा येतो, किती येतो आणि कोणत्या वाटेने येतो, यात ते आहे.

पुढे जे लिहितो आहे त्यातल्या काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच नोंदवतो. बिलेट (तापवायचे पोलादी ठोकळे) किती थरांत रचता, दार किती वेळ उघडे राहते, बर्नर ब्लॉकच्या (बर्नरपुढच्या, तोंड असलेल्या विटेच्या ठोकळ्याच्या) आत किती ज्वलन होते आणि किती बाहेर भट्टीत होते, यांवर माझे आकडे वीस-पंचवीस टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतात. दिशा मात्र बदलणार नाही, याबद्दल मी निश्चिंत आहे.

बर्नरच्या तोंडातून निघतो तसा प्रक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेला, झोत मोकळ्या हवेत सोडला तर कसा वागतो ते आधी पाहू. तोंडातून वेगाने बाहेर पडणाऱ्या वायूच्या कडेला लहान-मोठे भोवरे तयार होतात आणि ते आजूबाजूची स्थिर हवा गुंडाळून आत ओढतात. साधारण पाच ते सहा व्यासांच्या अंतरापर्यंत मध्यभागीचा वेग मूळचाच राहतो. त्यापुढे तो अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरत जातो. झोत रुंदावतो आणि मंदावतो, त्याचा एकूण संवेग कायम राहतो, पण ओढून घेतलेल्या हवेमुळे त्याचे वस्तुमान सारखे वाढत जाते. हे वाढणारे वस्तुमान रिकू आणि स्पाल्डिंग या संशोधकांनी फार सुंदर रीतीने मोजले आणि ते काम १९६१ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी झोताभोवती सच्छिद्र भिंतीचे नळकांडे ठेवले, त्या भिंतीतून बाहेरून हवा आत सोडली आणि नळकांड्यातला दाब सगळीकडे सारखा होईपर्यंत ती वाढवत नेली. दाब सारखा झाला याचा अर्थ झोताला हवी होती तेवढी हवा मिळाली; मग पुरवलेली हवा मोजली की झोताची भूक मोजली गेली. झोत आणि सभोवतालचा वायू यांची घनता सारखी असेल, तर एखाद्या अंतरावरचे झोताचे वस्तुमान हे मूळ वस्तुमानाच्या ०.३२ गुणिले ‘अंतर भागिले व्यास’ इतके पट भरते. आपल्या बर्नर ब्लॉकचे तोंड १५० मिलिमीटर आहे आणि भट्टी ३ मीटर लांब आहे, म्हणजे समोरची भिंत २० व्यासांवर आहे. मोकळ्या हवेत तिथपर्यंत पोहोचताना या झोताचे वस्तुमान सुमारे ६.४ पट झाले असते. म्हणजे स्वतःच्या पाचपटीहून अधिक वायू त्याने वाटेत ओढून घेतला असता.

आपल्या भट्टीत भिंतीतून हवा पुरवणारे कोणी नाही. झोताची भूक मात्र तेवढीच आहे. मग तो काय करतो? स्वतःच्याच जळून पुढे गेलेल्या वायूतला काही भाग मागे ओढतो. तोंडाजवळ दाब किंचित कमी होतो, समोरच्या भिंतीजवळ तो किंचित वाढतो, आणि या फरकामुळे भिंतींच्या कडेने वायूचा एक प्रवाह उलट दिशेने बर्नरकडे वाहू लागतो. याला आपण पुनरभिसरण म्हणतो. भट्टीतले तापमान एकसारखे ठेवण्याचे काम प्रामुख्याने हाच परतणारा प्रवाह करतो, कारण पुढच्या टोकाची उष्णता मागच्या टोकाला तोच आणून पोहोचवतो.

तो किती वायू परत आणतो याचा साधा आणि आजही उपयोगी पडणारा हिशोब थ्रिंग आणि न्यूबी या संशोधकांनी १९५३ साली मांडला. बर्नरच्या तोंडाची त्रिज्या भागिले भट्टीच्या छेदाची समतुल्य त्रिज्या (तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या) हे त्यांचे मूळ गुणोत्तर आहे. सगळी हवा बर्नरमधूनच येत असेल आणि झोताची घनता भट्टीतल्या वायूइतकीच असेल, तर यात दुसरी कोणतीही दुरुस्ती करावी लागत नाही. ०.४७ ला या गुणोत्तराने भागून त्यातून ०.५ वजा केले की मूळ झोताच्या किती पट वायू मागे फिरतो ते मिळते. आपल्या भट्टीचा छेद १.२ चौरस मीटर आहे, म्हणून समतुल्य त्रिज्या ०.६२ मीटर. तोंडाची त्रिज्या ०.०७५ मीटर. गुणोत्तर ०.१२ येते आणि पुनरभिसरण सुमारे ३.४ पट.

आता या सूत्रात काय नाही ते पाहा, अशी माझी विनंती आहे. त्यात वेग नाही, वायूचा दाब नाही, ताशी किती घनमीटर वायू जळतो तेही नाही. झोत एकदा पुरेसा प्रक्षुब्ध झाला (आणि आपला झोत त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहे) की भट्टीतल्या प्रवाहाचा आराखडा भूमितीवरून ठरतो. दाब वाढवला की सगळेच वेग एकाच प्रमाणात वाढतात. पुढे जाणारा वायू वाढतो, मागे फिरणाराही त्याच पटीत वाढतो आणि दोहोंचे प्रमाण जिथल्या तिथे राहते. आपण दाब वाढवूनही टोकांमधला फरक जागचा हलला नाही, त्याचे कारण हे आहे. माझ्या कामाच्या पहिल्या काही वर्षांत मीसुद्धा एका कारखान्यात अशाच तक्रारीवर ब्लोअर मोठा करायला सांगितला होता. वायू जास्त जळला, बिलेटवर स्केल (ऑक्साइडची खपली) जास्त चढले आणि फरक तसाच राहिला. त्या मालकांचे पैसे माझ्या सल्ल्याने वाया गेले, ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

मोठ्या बर्नरचे तोंडही मोठे असते. समजा ते २०० मिलिमीटर आले, तर वरच्याच हिशोबाने गुणोत्तर ०.१६ होईल आणि पुनरभिसरण ३.४ पटींवरून सुमारे २.४ पटींवर उतरेल. म्हणजे जो परतणारा प्रवाह आपल्याला वाढवायचा आहे, तोच मोठ्या बर्नरने कमी होईल. उलट तेवढ्याच क्षमतेच्या बर्नरचे तोंड ९० मिलिमीटर केले, तर गुणोत्तर ०.०७ च्या आसपास येईल आणि पुनरभिसरण सुमारे सहा पट होईल.

याचा तापमानावर काय परिणाम होतो, त्याचा एक ढोबळ अंदाज मी नेहमी कागदाच्या कोपऱ्यावर करून पाहतो. दहा टक्के जादा हवेवर नैसर्गिक वायू जळाला आणि वाटेत उष्णता कुठे गेली नाही, तर जळालेल्या वायूचे तापमान साधारण १,८५० अंशांपर्यंत जाते. भट्टी १,२०० अंशांवर आहे. म्हणजे ताजा वायू भट्टीपेक्षा ६५० अंशांनी वरचढ आहे आणि हा वरचढपणा मिसळलेल्या वायूत वाटला जातो. ३.४ पट वायू मिसळला तर एकूण ४.४ वाटे होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १४८ अंश येतात. सहा पट मिसळला तर सात वाटे, म्हणजे सुमारे ९३ अंश. प्रत्यक्षात भिंती आणि बिलेट यांच्यातले प्रारण हा फरक आणखी पुसट करते, म्हणून थर्मोकपलवर एवढे मोठे आकडे दिसत नाहीत. दोन्हींचे प्रमाण मात्र बरेचसे टिकते. त्या न्यायाने आपला ९० अंशांचा फरक नुसत्या तोंडाच्या बदलाने ५५ ते ६० अंशांवर यायला हवा. पूर्ण इलाज याने होणार नाही. बाकीचे काम पुढच्या दोन-तीन गोष्टींनी करावे लागेल.

थ्रिंग-न्यूबी हिशोब लांब आणि रिकाम्या भट्टीसाठी आहे, आणि आपली भट्टी लांब नाही. याच हिशोबाप्रमाणे मोकळा पसरणारा झोत बाजूच्या भिंतीला समतुल्य त्रिज्येच्या सुमारे ५.८५ पट अंतरावर, म्हणजे ३.६ मीटरवर टेकतो. आपली भट्टी त्याआधीच, ३ मीटरवर, संपते. झोत पुरता पसरण्यापूर्वीच समोरच्या भिंतीवर आपटतो. ब्लॉकमध्ये बरेचसे ज्वलन होऊन वायू १,३०० अंशांना बाहेर पडतात असे धरले, तर तोंडाशी वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर असतो आणि भिंतीवर पोहोचताना मध्यभागी तो अजून १८ मीटरच्या आसपास उरलेला असतो. सर्वांत गरम वायू त्या भिंतीवर आदळतो, वर वळतो, आणि वर छतात नेमके फ्लूचे तोंड आहे. तिथून जे बाहेर गेले ते बर्नरकडे परतताना काही देऊ शकत नाही. आपले समोरचे टोक तापण्यामागे ही मांडणी मोठे कारण आहे.

दुसरी गोष्ट झोताच्या उंचीची. आपण ७५ मिलिमीटर चौरस बिलेट दोन थरांत रचता, म्हणजे मालाचा वरचा पृष्ठभाग तळापासून १५० मिलिमीटरवर येतो आणि झोताचा अक्ष त्याच्या फक्त २०० मिलिमीटर वर राहतो. झोताला वरून ओढायला भरपूर जागा आहे, खालून जवळजवळ नाही. ज्या बाजूला वायू मिळत नाही तिथे दाब उतरतो आणि झोत त्याच बाजूला झुकून पृष्ठभागाला चिकटतो. रोमानियन अभियंता आंरी क्वांडा याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो, आणि नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावून घरीसुद्धा तो पाहता येतो. झोत मालाला चिकटला की त्याची ओढण्याची एक बाजू बंद होते, खालून परतण्याची वाट बुजते आणि मधल्या बिलेटच्या वरच्या कडांवर जाड स्केल दिसू लागते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात मधल्या रांगेच्या वरच्या कडा खरबरीत दिसतात. माझा संशय त्यावरूनच बळावला.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते आणि माझ्या मते आपल्याकडे तीच सर्वांत स्वस्तात सुधारण्यासारखी आहे. झोताच्या मुळाशी दाब कमी असतो, असे वर म्हटले. त्या जागी भट्टीला फट असेल, तर झोत आपली भूक बाहेरच्या थंड हवेने भागवतो. बर्नर ब्लॉकच्या भोवतीची भेग, पीप होलचे (आत डोकावण्याच्या भोकाचे) न बसणारे झाकण, दाराची बर्नरकडची कड ही ठिकाणे आधी पाहावीत. ३० अंशांची हवा नेमकी मागे राहणाऱ्या टोकाला शिरते आणि ते टोक आणखी मागे राहते. फ्लूमधला ऑक्सिजन मोजून हवा जास्त आहे एवढे कळते, ती कोठून शिरली ते कळत नाही. वायूवर दहा टक्के जादा हवेला फ्लूमध्ये सुमारे २ टक्के ऑक्सिजन दिसायला हवा. आपण ५ टक्के लिहिले आहेत आणि बर्नरची हवा बरोबर जुळवली आहे असेही लिहिले आहे. दोन्ही खरे असेल, तर बाकीची हवा फटींतून येते आहे.

मग फर्नेस ऑइलवर असताना हे सगळे दोष का दिसले नाहीत? भट्टी तीच होती, फ्लू तोच होता. फरक ज्योतीच्या जातीत आहे. तेलाच्या ज्योतीत काजळीचे असंख्य सूक्ष्म कण तापून पिवळे प्रखर चमकतात आणि ज्योत जिथून सुरू होते तिथपासूनच चहूकडे उष्णता फेकते. बर्नरजवळच्या बिलेटना ती समोरासमोर मिळत होती. चांगल्या जुळवलेल्या वायूच्या ज्योतीत काजळी जवळपास नसते. उष्णता फेकण्याचे काम कार्बन डायऑक्साइड आणि वाफ यांच्यावर येते आणि ती ज्योत त्या मानाने फिकी पडते. प्रवाहाच्या मांडणीतली उणीव तेलाच्या ज्योतीचे प्रारण इतकी वर्षे झाकून ठेवत होते. इंधन बदलताना केवळ किलोकॅलरींचा हिशोब जुळवला जातो आणि हा भाग राहून जातो, याचे मला फार वाईट वाटते, कारण वायूवर येणाऱ्या कितीतरी लहान कारखान्यांना नंतर याच तक्रारीला तोंड द्यावे लागते.

इथवरचे एकत्र सांगायचे तर, आपल्या भट्टीत परतणारा प्रवाह मुळात बेताचा आहे, फ्लूच्या जागेमुळे त्यातली उष्णता निसटते, माल झोताच्या फार जवळ असल्याने त्याची खालची वाट बंद आहे, आणि बर्नरच्या मुळाशी थंड हवा शिरते. आता इलाजाकडे वळू.

काहीही फोडण्याआधी थंड भट्टीत एक चाचणी करून पाहावी. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका बोगी भट्टीवर (जिचा तळ चाकांवर बाहेर येतो अशा भट्टीवर) मी ती पहिल्यांदा केली आणि तेव्हापासून सोडलेली नाही. वायूचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप लावावे, चावी स्वतःच्या खिशात ठेवावी आणि फक्त हवेचा ब्लोअर नेहमीच्या हवेवर चालू करावा. सहा मिलिमीटरच्या सळईला वीतभर अंतरावर लोकरीच्या धाग्यांचे बोटभर तुकडे बांधावेत आणि ती सळई दारातून आडवी धरून भट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू न्यावी. मध्यभागीचे धागे ताठ पुढे उडतात. कडेचे धागे एका जागी गोंधळतात आणि भिंतीजवळचे धागे मागे, बर्नरकडे, वळतात. आपल्याला शोधायचे ते धागे आहेत जे कुठेच वळत नाहीत. शिरोलीला तळाजवळचे धागे बर्नरपासून पहिल्या मीटरभरात नुसते लोंबत होते आणि कास्टिंगच्या वरच्या अंगाचे धागे खाली दाबले गेले होते. झोत मालाला चिकटला आहे हे मालकांना आणि मला एकाच वेळी दिसले. परतणाऱ्या प्रवाहाचा वेग थंड चाचणीत सेकंदाला मीटरभराच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, म्हणून जिथे धागा बोलत नाही तिथे उदबत्ती धरावी. बर्नर ब्लॉकच्या भोवती बाहेरून उदबत्ती फिरवली की धूर आत ओढला जातो ती प्रत्येक फट सापडते.

ही थंड चाचणी तापलेल्या भट्टीला किती लागू पडते, हा रास्त प्रश्न आहे. ज्वलन बहुतांशी ब्लॉकमध्येच पुरे होत असेल, तर तापलेल्या भट्टीत झोत आणि सभोवतालचा वायू यांची घनता जवळपास सारखी असते, थंड चाचणीतही ती सारखीच असते, आणि म्हणून आराखडा जुळतो. ज्वलन बाहेर होत असेल, तर थंड आणि जड हवेचा झोत हलक्या तप्त वायूत शिरतो. तो घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतक्या मोठ्या तोंडासारखा वागतो, म्हणजे १५० मिलिमीटरचे तोंड सव्वातीनशेच्या तोंडासारखे होते आणि पुनरभिसरण आणखी घटते. तशा बर्नरवर थंड चाचणी प्रत्यक्षापेक्षा बरे चित्र दाखवते, एवढे ध्यानात ठेवावे.

पुरवठादाराने संगणकावरचे रंगीत चित्रही दिले आहे. अशी गणिते उपयोगी असतात आणि मी स्वतः ती करून घेतो. पण त्यात प्रक्षुब्धतेचे जे नेहमीचे प्रारूप वापरतात, ते गोल झोत प्रत्यक्षापेक्षा जास्त पसरलेला दाखवते. हा दोष या क्षेत्रात अनेक दशकांपासून माहीत आहे. जास्त पसरलेला झोत समोरच्या भिंतीवर सौम्यपणे टेकतो आणि चित्र समाधानकारक दिसते. त्या चित्रात माल ठेवलेला आहे का आणि फटी धरल्या आहेत का, हे विचारून घ्यावे. धाग्यांनी दाखवलेले आणि चित्राने दाखवलेले जुळत नसेल, तर मी धाग्यांवर विश्वास ठेवतो.

त्यानंतर पहिले काम फटी बुजवण्याचे आणि भट्टीतला दाब सावरण्याचे. ब्लॉकभोवतीच्या भेगेत सिरॅमिक फायबर घट्ट भरावे, दाराची कड नीट बसवावी आणि मग फ्लूचा डॅम्पर (वाट कमी-जास्त करणारी झडप) इतका आवळावा की मालाच्या पातळीला दाब शून्याच्या किंचित वर, पाण्याच्या स्तंभाच्या अर्ध्या ते एक मिलिमीटरइतका राहील. इथे एक सावधगिरी आहे: १,२०० अंशांच्या वायूमुळे उंचीच्या दर मीटरमागे सुमारे ०.९ मिलिमीटर दाबाचा फरक पडतो, त्यामुळे छताजवळ मोजलेला दाब ठीक दिसला तरी तळाशी भट्टी हवा ओढत असू शकते. दाबाची नळी मालाच्या पातळीला बसवावी, झोताच्या समोर नव्हे.

दुसरे काम मालाखालच्या वाटेचे. बिलेट थेट तळावर न ठेवता अग्निरोधक विटांच्या शंभर मिलिमीटरच्या ठोकळ्यांवर ठेवावेत आणि ठोकळ्यांमधल्या गल्ल्या भट्टीच्या लांबीच्या दिशेने मोकळ्या सोडाव्यात, म्हणजे परतणारा वायू मालाखालून बर्नरकडे येईल. शिरोलीच्या भट्टीत आम्ही प्रथम एवढेच केले आणि टोकांमधला फरक निम्म्याहून खाली आला. आपल्याकडे यात एक पेच आहे: माल शंभर मिलिमीटर उचलला की तो झोताच्या आणखी जवळ जाईल. म्हणून ठोकळे घालायचे असतील, तर एक तर एकाच थरात रचावे, नाही तर बर्नरचा अक्ष वर न्यावा. अक्ष तळापासून ५५० मिलिमीटरवर गेला तर छत आणि माल दोन्हींपासून पुरेसे अंतर राहील. ही भिंत पुढच्या अस्तराच्या कामात उघडणारच असेल, तर ते तेव्हा करणे सोयीचे.

तिसरे काम बर्नर ब्लॉकच्या तोंडाचे. ९० मिलिमीटरच्या तोंडातून तेवढाच वायू सोडला, तर वेग सेकंदाला १७० मीटरच्या जवळ जातो आणि त्यासाठी नुसता तोंडाशी पाण्याच्या सव्वातीनशे मिलिमीटरइतका दाब खर्च होतो. सध्या तो चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर आहे. आपला ब्लोअर ७०० मिलिमीटर दाबाचा असल्याने दाब पुरायला हवा, पण पाइप, व्हॉल्व्ह आणि बर्नरची जाळी यांत किती जातो ते मोजल्याशिवाय ब्लॉक मागवू नये. ११० मिलिमीटरवर थांबलात तरी पुनरभिसरण सुमारे ४.८ पट होते आणि दाब निम्म्याहून कमी लागतो; मला हाच मधला मार्ग आपल्यासाठी बरा वाटतो. हा बदल स्वतः ब्लॉक घासून किंवा लिंपून करू नये. तोंड अरुंद झाले की ज्योतीचे टिकणे, अतिनील सेलला (ज्योत आहे की नाही ते पाहणाऱ्या उपकरणाला) ती दिसणे आणि पेटवण्याची रीत हे सगळे बदलते. तो ब्लॉक बर्नर बनवणाऱ्यानेच दिलेला असावा, आणि बदलानंतर पेटवण्याआधी भट्टीच्या आकारमानाच्या किमान पाचपट हवा फिरवण्याचा क्रम पुन्हा तपासून घ्यावा.

सोकिंगच्या (तापमान गाठल्यावर माल तिथेच मुरू देण्याच्या) वेळी एक वेगळीच अडचण येते. तापमान गाठले की नियंत्रक बर्नर मंद करतो, झोताचा वेग पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो, आणि संवेग वर्गाच्या प्रमाणात घटतो. अशा अशक्त झोताला उष्ण वायूची वर जाण्याची ओढ सहज वाकवते, तो छताकडे जातो आणि तळाचा माल मागे राहतो. त्यावर उपाय म्हणजे बर्नर मंद न करता पूर्ण जोरावर काही सेकंद चालवून काही सेकंद बंद ठेवणे. चालू असतो तेव्हा झोत पूर्ण ताकदीचा असतो. आपल्या नियंत्रकात ही सोय आहे का ते पाहावे. नसेल तर सध्या राहू द्यावे, वरची तीन कामे आधी महत्त्वाची आहेत.

फ्लूबद्दल मी शेवटी लिहितो आहे, कारण त्याला खर्च जास्त आहे. नवी भट्टी बांधायची असती, तर मी फ्लू बर्नरच्याच भिंतीत, तळाजवळ घेतला असता. मग प्रत्येक कण समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन पूर्ण लांबी परत आल्याशिवाय बाहेर पडू शकला नसता. आपल्या भट्टीत फ्लूच्या तोंडासमोर छतातून खाली येणारी विटांची दोनशे मिलिमीटरची आडवी पट्टी बांधली, तर भिंतीवरून वर चढलेला वायू थेट बाहेर न जाता आधी खाली वळेल. छताची रचना ते वजन पेलू शकते की नाही, हे अस्तराचे काम करणाऱ्या कारागिराने भट्टी पाहूनच सांगावे. मी इथून सांगू नये.

आपण फटी बुजवून दाब सावरल्यानंतर एका पूर्ण पाळीचे दोन्ही थर्मोकपलचे आकडे, फ्लूमधला ऑक्सिजन, मालाच्या पातळीचा दाब आणि बर्नरच्या हवेच्या पाइपमधला दाब इथे लिहावा. धाग्यांच्या चाचणीत कोणत्या जागचे धागे लोंबत राहिले, त्याचे हाताने काढलेले चित्रही जोडावे. बर्नरकडच्या पहिल्या मीटरमधले धागे मागे वळत असतील, तर ब्लॉक न बदलताही आपले काम भागेल. ते लोंबतच राहिले, तर ११० घ्यावा की ९० हे हवेच्या दाबाच्या आकड्यावरून ठरवता येईल.